पहिल्यांदा एलएच टेस्ट करताय? स्ट्रिप कशी वापरायची आणि रिपोर्ट कसा वाचायचा

एलएच म्हणजे ल्युटिनायझिंग हार्मोन. त्याचा रिपोर्ट हातात आला की बहुतेक जण काय करतात, आधी आकडा बघतात, मग शेजारची नॉर्मल रेंज बघतात, आकडा रेंजच्या बाहेर दिसला की पोटात गोळा येतो आणि मग रात्रभर मोबाईलवर शोधाशोध. पण या हार्मोनचं असं आहे की "किती आला" हे विचारायच्या आधी "कुठल्या दिवशी मोजला" हे विचारावं लागतं. एकाच बाईचा एकाच महिन्यात पाळीच्या तिसऱ्या दिवशी ५ येईल आणि चौदाव्या दिवशी ५० येईल, आणि दोन्ही अगदी व्यवस्थित. तारीख माहीत नसेल तर तो रिपोर्ट अर्धाच समजा.

हे सगळं नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहितेय, म्हणजे घरी स्ट्रिपवर ओव्ह्युलेशन (अंडाशयातून अंडं बाहेर पडणं) बघायचंय, किंवा डॉक्टरांनी ब्लड टेस्ट लिहून दिलीय, किंवा नवऱ्याच्या टेस्टच्या यादीत एलएच दिसला आणि हे तर बायकांचं असतं ना असा प्रश्न पडला. पुरुषांनाही असतो, ते खाली येईलच.

आधी हा करतो काय ते बघू

मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची छोटीशी ग्रंथी असते, एलएच तिथे तयार होतो आणि रक्तातून अंडाशयाकडे किंवा पुरुषात वृषणाकडे जातो. पिट्युटरीला ऑर्डर कोण देतं तर तिच्या वर असलेला हायपोथॅलॅमस, तो जीएनआरएच नावाचा हार्मोन थोडा थोडा, थांबून थांबून सोडतो. पाळीच्या चक्राच्या पहिल्या अर्ध्या भागात साधारण ६० ते ९० मिनिटांनी एकदा, आणि ओव्ह्युलेशननंतर हेच अंतर वाढून तीन-चार तासांवर जातं. गंमत म्हणजे हाच जीएनआरएच सतत, न थांबता देत राहिला तर एलएच वाढायच्या ऐवजी सुरुवातीची थोडी उसळी मारून खाली बसतो, आणि आयव्हीएफमधली काही इंजेक्शनं किंवा लहान मुलांची वेळेआधी आलेली वयात येण्याची प्रक्रिया थांबवणारी इंजेक्शनं याच गुणावर चालतात. जीएनआरएचची रचना शोधणाऱ्या रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांना १९७७ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षीच्या त्याच नोबेलमध्ये वाटा होता रोझलिन यालो यांचा, रक्तातले एवढेसे हार्मोन मोजायची रेडिओइम्युनोअसे ही पद्धत उभी केल्याबद्दल. त्याआधी हे आकडे इतक्या बारकाईने मोजताच यायचे नाहीत, आता आपण बाथरूममध्ये पाच मिनिटांत बघतो.

बाईच्या शरीरात एलएच दोन कामं करतो. पहिलं रोजचं आणि शांतपणे चालणारं, एफएसएच या पिट्युटरीतल्याच जोडीदार हार्मोनबरोबर. अंडं ज्या फॉलिकलमध्ये वाढतं त्याच्या बाहेरच्या पेशी एलएचच्या सांगण्यावरून अँड्रोजन बनवतात आणि आतल्या पेशी एफएसएचच्या सांगण्यावरून त्याचंच इस्ट्रोजन करतात. म्हणजे बाईचं इस्ट्रोजन बनतं ते आधी "पुरुषी" समजल्या जाणाऱ्या हार्मोनमधून, हे ऐकून बऱ्याच जणींना धक्का बसतो.

दुसरं काम महिन्यातून एकदाच. एरवी इस्ट्रोजन वाढलं की पिट्युटरी गप्प बसते, पण फॉलिकल पुरेसं मोठं होऊन इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजनचा मुख्य प्रकार) २०० पिकोग्रॅम प्रति मिलीच्या आसपास जाऊन दोनेक दिवस तिथेच टिकलं की हिशोब उलटा होतो आणि पिट्युटरी साठवलेला एलएच एकदम सोडते. हाच तो एलएच सर्ज. सर्ज सुरू झाल्यापासून साधारण ३४ ते ३६ तासांनी अंडं बाहेर पडतं, म्हणजे एलएच सगळ्यात वर पोचल्यापासून धरलं तर १० ते १२ तासांनी. रिकामं झालेलं फॉलिकल मग कॉर्पस ल्युटियम होतं आणि प्रोजेस्टेरॉन बनवायला लागतं.

एवढं कळलं की पुढचं सगळं सोपं जातं, कारण घरची स्ट्रिप जे पकडते ते हा सर्ज असतो. अंडं बाहेर आलं का नाही हे स्ट्रिपला माहीत नसतं.

पायरी १: नक्की काय बघायचंय ते ठरवा

दिवस राहावेत म्हणून योग्य दिवस शोधायचे असतील आणि पाळी बऱ्यापैकी नियमित असेल तर लघवीवरची स्ट्रिप पुरते, ब्लड टेस्टच्या मागे लागू नका. पाळी येत नाही, फार उशिरा येते, दिवस राहत नाहीयेत, पुरुषात टेस्टोस्टेरॉन कमी आलंय, अशा वेळी कारण शोधायला ब्लड टेस्ट लागते आणि तीही एकट्या एलएचची नाही. बऱ्याच जणी उलटं करतात, म्हणजे नियमित पाळी असताना कुठल्यातरी दिवशी ब्लड टेस्ट करून येतात आणि सहा-सहा महिने पाळी येत नसताना घरी स्ट्रिपची पाकिटं संपवत बसतात.

आणि एक, स्ट्रिप हे गर्भ राहू नये म्हणून वापरायचं साधन नाही. शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात आणि स्ट्रिप सांगते फक्त एक-दीड दिवस आधी, त्यामुळे "अजून पॉझिटिव्ह नाही आली म्हणजे सेफ" हे गणित साफ चुकतं.

पायरी २: स्ट्रिप कुठल्या दिवसापासून

पाळीचा पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो दिवस, आदल्या दिवशीचे थेंबभर डाग धरायचे नाहीत. तिथपासून पुढची पाळी यायच्या आदल्या दिवसापर्यंत मोजा, ती तुमच्या सायकलची लांबी. त्यातून १७ वजा करा आणि त्या दिवसापासून रोज टेस्ट. २८ दिवसांची सायकल असेल तर अकराव्या दिवशी सुरू, ३२ ची असेल तर पंधराव्या दिवशी, २५ ची असेल तर आठव्या दिवशीच. हे १७ आलं कुठून तर ओव्ह्युलेशनपासून पाळीपर्यंतचा काळ बहुतेकींचा १४ दिवसांच्या आसपास असतो आणि त्याआधी दोन-तीन दिवसांची सवड ठेवायची.

पाळी थोडी मागेपुढे होत असेल तर गेल्या काही महिन्यांतली सगळ्यात छोटी सायकल घ्या आणि तिच्यातून वजा करा, स्ट्रिप दोन-चार जास्त लागतील पण सर्ज सुटणार नाही. "चौदाव्या दिवशीच ओव्ह्युलेशन" हे जे सगळीकडे ऐकू येतं ते फक्त २८ दिवसांच्या सायकलसाठी आहे, ३५ दिवसांची सायकल असलेल्या बाईने चौदाव्या दिवशी दोन स्ट्रिप वापरून "माझं अंडंच बनत नाही" असं ठरवून टाकणं हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता नवल वाटत नाही.

पायरी ३: प्रत्यक्ष टेस्ट

प्रेग्नन्सी टेस्टसारखं सकाळच्या पहिल्या लघवीचंच घ्यायचं असं बऱ्याच जणी धरून चालतात. एलएचचा सर्ज बऱ्याचदा पहाटे रक्तात सुरू होतो आणि लघवीत दिसायला त्यानंतर काही तास जातात, म्हणून बऱ्याच साध्या स्ट्रिपना दुपार ते संध्याकाळची वेळ चांगली पडते. पण काही डिजिटल किट सकाळची पहिली लघवीच मागतात, त्यामुळे पाकिटातला कागद वाचा, तो फेकून देऊ नका. वेळ कुठलीही निवडा, रोज तीच ठेवा.

टेस्टच्या आधी दोनेक तास पाणी, चहा जरा आवरतं घ्या आणि त्या वेळात लघवीलाही जाऊ नका, नाहीतर लघवी पातळ होऊन रेष फिकी येते. लघवी स्वच्छ कोरड्या भांड्यात घ्या, स्ट्रिप उभी धरून बाणाच्या टोकाकडून बुडवा, स्ट्रिपवर जी मर्यादेची रेघ असते तिच्यावर लघवी जाऊ द्यायची नाही, कागदावर लिहिले असतील तेवढे सेकंद थांबा, बाहेर काढून सपाट जागी आडवी ठेवा. वाचायची वेळ सहसा पाच ते दहा मिनिटं. अर्ध्या तासाने कचऱ्यातून उचलून परत बघितलेली स्ट्रिप काहीही सांगेल, तिच्यावर विश्वास ठेवू नका.

फोटो काढून तारीख आणि वेळ टाकून ठेवा, कारण तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाची रेष किती गडद होती ते कुणालाच आठवत नाही.

पायरी ४: रेष वाचणं, जिथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो

प्रेग्नन्सी टेस्टमध्ये दुसरी रेष कितीही फिकी असली तरी पॉझिटिव्ह धरतात. इथे तसं नाही. एलएच रक्तात कायमच थोडा असतो त्यामुळे फिकी रेष जवळपास रोज दिसेल. टेस्टची रेष कंट्रोलच्या (स्ट्रिप नीट चालली हे दाखवणाऱ्या) रेषेइतकी किंवा तिच्यापेक्षा गडद झाली तरच पॉझिटिव्ह. फिकी असेल तर निगेटिव्ह, मग ती कालच्यापेक्षा थोडी गडद का असेना. कंट्रोलचीच रेष आली नाही तर ती स्ट्रिप बाद, नवीन घ्या.

स्ट्रिप किती एलएचला पॉझिटिव्ह होते ते प्रत्येक ब्रँडचं वेगळं, साधारण २० ते ४० एमआययू प्रति मिलीच्या दरम्यान, म्हणून एकाच महिन्यात दोन ब्रँड मिसळू नका. कुणाचा सर्ज मुळातच ठेंगणा असतो, ४० च्या स्ट्रिपवर कधीच पॉझिटिव्ह येत नाही आणि २५ च्या स्ट्रिपवर येतो, म्हणून दोन-तीन महिने काहीच दिसलं नाही तर ब्रँड बदलून बघायला हरकत नाही.

रेष गडद होत चाललीय असं वाटलं की त्या दिवसापासून दिवसातून दोनदा टेस्ट करा. काहींचा सर्ज दोन दिवस टिकतो पण काहींचा अर्ध्या-एक दिवसातच उतरतो आणि दिवसातून एकदा टेस्ट करणारीला तो दिसतच नाही, काल फिकी, आज फिकी, मधल्या रात्री सगळं होऊन गेलेलं.

पायरी ५: पॉझिटिव्ह आली, आता

पहिली पॉझिटिव्ह आली तो दिवस लिहा. पुढच्या २४ ते ३६ तासांत ओव्ह्युलेशन अपेक्षित आहे, म्हणजे तो दिवस आणि पुढचा दिवस संबंधासाठी महत्त्वाचे. पहिल्या पॉझिटिव्हनंतर त्या महिन्याच्या टेस्ट थांबवल्या तरी चालतं, आणखी चार दिवस स्ट्रिप बघत बसून हाती काही लागत नाही.

मात्र पॉझिटिव्हची वाट बघत थांबणं हे मला स्वतःला पटत नाही. १९९५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांचा २२१ बायकांवरचा अभ्यास आला होता, त्यात गर्भ राहिला तो फक्त ६ दिवसांच्या काळात, ओव्ह्युलेशनच्या आधीचे पाच दिवस आणि ओव्ह्युलेशनचा दिवस. त्यानंतर एकही नाही. अंडं बाहेर आल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. आता हिशोब करा, या ६ दिवसांतले पहिले तीन-चार दिवस स्ट्रिप निगेटिव्हच असते. म्हणून टेस्ट सुरू केली तेव्हापासूनच एक दिवसाआड संबंध ठेवा आणि पॉझिटिव्ह आली की लागोपाठ दोन दिवस. स्ट्रिप आली नाही म्हणून आज नको, असं महिनोन्महिने केलं की चांगले दिवस वाया जातात आणि घरात वेळापत्रकाचा ताण येतो तो वेगळाच.

योनीमार्गातला स्राव पण बघत जा. ओव्ह्युलेशनच्या आधी तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, पारदर्शक आणि ताणला जाणारा होतो, आणि हे सर्जच्या आधीच सुरू होतं. फुकटची आणि स्ट्रिपच्या आधी मिळणारी खबर आहे ही.

पायरी ६: स्ट्रिप कधी फसवते

पीसीओडी किंवा पीसीओएस (ओव्ह्युलेशन अनियमित करणारा हार्मोनचा त्रास) असेल तर एलएच मुळातच वरच्या पातळीवर असू शकतो, मग सलग आठ-दहा दिवस पॉझिटिव्ह किंवा महिन्यात तीन-चार वेळा पॉझिटिव्ह असं दिसतं. शरीर सर्जचा प्रयत्न करतं, जमत नाही, परत करतं. अशा वेळी स्ट्रिपवर डोकं फोडण्यापेक्षा सोनोग्राफीने फॉलिकल बघणं बरं.

गर्भ राहिलेला असताना एलएचची स्ट्रिप पॉझिटिव्ह दिसू शकते. कारण एलएच, एफएसएच, थायरॉइडचा टीएसएच आणि गर्भधारणेतला एचसीजी या चौघांचा अल्फा भाग सारखाच असतो, फरक फक्त बीटा भागात, आणि त्यातही एलएच आणि एचसीजी इतके जवळचे की शरीरात दोघं एकाच रिसेप्टरवर जाऊन बसतात. पण म्हणून एलएच स्ट्रिपने प्रेग्नन्सी टेस्ट करायची नाही, त्यासाठीची टेस्ट वेगळी आणि जास्त भरवशाची आहे.

याच कारणाने अंडं फुटण्यासाठी एचसीजीचं ट्रिगर इंजेक्शन घेतलं असेल तर त्यानंतरची स्ट्रिप पॉझिटिव्ह येणारच, ते इंजेक्शनच दिसतंय. आणि साधारण दहा दिवस, कधी दोन आठवड्यांपर्यंत प्रेग्नन्सी टेस्टही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या तारखेआधी टेस्ट करून आनंद किंवा रडारड दोन्ही नको. अंडं तयार व्हावं म्हणून दिलेल्या क्लोमिफीनच्या गोळ्या चालू असतील तर शेवटच्या गोळीनंतर तीनेक दिवस जाऊ द्या, मग स्ट्रिप सुरू करा, नाहीतर गोळीमुळे वाढलेला एलएच सर्ज समजला जातो.

मेनोपॉजच्या आसपास एलएच कायम वर असतो त्यामुळे रोज पॉझिटिव्ह. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर गोळ्यांनी सर्ज दाबलेलाच असतो, टेस्टला अर्थच नाही. बाळाला अंगावर पाजत असाल तर पाळी परत येईपर्यंत चित्र धूसर राहतं.

पायरी ७: अंडं खरंच बाहेर आलं का

सर्ज झाला आणि फॉलिकल फुटलंच नाही असंही होतं, त्याला ल्युटिनाइज्ड अनरप्चर्ड फॉलिकल म्हणतात. स्ट्रिप तर छान पॉझिटिव्ह येऊन गेलेली असते.

खात्रीसाठी प्रोजेस्टेरॉनची ब्लड टेस्ट, पुढच्या पाळीच्या अंदाजे ७ दिवस आधी. ३ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर आलं म्हणजे ओव्ह्युलेशन झालं असं धरतात. तुमच्या चिठ्ठीवर "एकविसावा दिवस" लिहिलं असेल आणि तुमची सायकल ३५ दिवसांची असेल तर डॉक्टरांना विचारा, कारण तुमचा दिवस अठ्ठाविसावा येतो आणि एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन कमी दिसणं साहजिकच आहे. दुसरा मार्ग सकाळी उठायच्या आधी तापमान घेणं, ओव्ह्युलेशननंतर ते अर्धा अंशाच्या आत, साधारण ०.३ ते ०.५ सेल्सिअसने वाढतं आणि पाळीपर्यंत वरच राहतं. यात दोष एवढाच की कळतं तेव्हा संधी गेलेली असते, पण दोन-तीन महिन्यांचा नमुना बघायला चांगलं.

ब्लड टेस्ट करायची असेल तर

कारण शोधायला एलएच आणि एफएसएच सहसा पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात घेतात, सोबत इस्ट्रॅडिऑल, प्रोलॅक्टिन (दूध आणणारा हार्मोन), टीएसएच आणि गरजेप्रमाणे एएमएच (अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारा हार्मोन), टेस्टोस्टेरॉन. पाळी येतच नसेल तर कुठल्याही दिवशी घेतात, फक्त आधी गर्भ नाही ना हे बघून. उपाशीपोटी जायची एलएचसाठी गरज नाही, बाकीच्या टेस्टसाठी लागू शकते तेव्हा लॅबला विचारून घ्या.

लॅबला जाताना तीन गोष्टी सांगाच. शेवटच्या पाळीची तारीख, चालू असलेल्या हार्मोनच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं, आणि केस-नखांसाठी घेताय ती बायोटिनची गोळी. बायोटिनचं कुणी विचारत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय, बऱ्याच लॅब मशीनमधल्या टेस्ट बायोटिन वापरूनच चालतात आणि रक्तात ते जास्त असेल तर एलएचसारख्या टेस्टचा आकडा खोटा कमी येऊ शकतो. केस-नखांच्या गोळ्यांमध्ये बायोटिन भरपूर असतं, दोन-तीन दिवस आधी बंद करा, डॉक्टरांनी औषध म्हणून मोठा डोस दिला असेल तर मात्र त्यांना विचारूनच.

युनिटचा घोळ नको, आययू प्रति लिटर आणि एमआययू प्रति मिली हे आकड्याने सारखेच. रेंज लॅबप्रमाणे बदलते, पण ढोबळमानाने पाळीच्या सुरुवातीला २ ते १२ च्या आत, सर्जमध्ये १५ पासून पार ९० पर्यंत, नंतर परत खाली, मेनोपॉजनंतर कायमचा वर. आणि हा थांबून थांबून सुटणारा हार्मोन असल्याने सकाळी ४ आणि दुपारी ६ असा फरक असू शकतो, दोन लॅबमध्ये थोडा वेगळा आकडा आला म्हणून कुठल्या लॅबने फसवलं असं लगेच धरू नका.

आकडे एकत्र कसे वाचतात

डॉक्टर इथे जोड्या बघतात. एलएच आणि एफएसएच दोन्ही खूप वर आणि इस्ट्रॅडिऑल कमी म्हणजे पिट्युटरी ओरडतेय पण अंडाशय ऐकत नाहीये, वय ४० च्या आत असेल तर अंडाशयाचं काम लवकर मंदावलंय का हे तपासायला लागतं, आणि त्यासाठी एका रिपोर्टवर घाबरून न जाता बऱ्याचदा टेस्ट परत करतात. तिन्ही कमी, म्हणजे वरूनच ऑर्डर येत नाहीये. यात झपाट्याने घटवलेलं वजन, खूप जास्त व्यायाम, खाण्याची आबाळ, मोठा ताण ही कारणं पुष्कळदा सापडतात, शिवाय प्रोलॅक्टिन वाढलेलं असेल तर ते जीएनआरएचला दाबतं, म्हणून प्रोलॅक्टिन सोबत बघतातच.

एलएच हा एफएसएचच्या दुप्पट-तिप्पट आला म्हणजे पीसीओएस, हे वाक्य अजूनही रिपोर्ट बघून सर्रास सांगितलं जातं. असं दिसतं बऱ्याच जणींत हे खरं, पण निदानाच्या निकषांत ते नाहीच. २००३ च्या रॉटरडॅम निकषांत तीन गोष्टी आहेत, अनियमित ओव्ह्युलेशन, वाढलेले पुरुषी हार्मोन किंवा त्यांची लक्षणं, आणि सोनोग्राफीत अनेक छोट्या फॉलिकलची अंडाशयं, यातल्या दोन असाव्या लागतात. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत मोठ्या बायकांसाठी सोनोग्राफीच्या जागी एएमएच चालेल असं आलं, एलएचचं गुणोत्तर तिथेही नाही. तेव्हा गुणोत्तर जास्त आलं म्हणून पीसीओएस ठरत नाही आणि नॉर्मल आलं म्हणून सुटका होत नाही.

पंचेचाळिशीच्या पुढे वर्षभर पाळी आली नसेल तर मेनोपॉज झाला हे सांगायला सहसा एलएच करायची गरजही पडत नाही.

पुरुषांचं काय

वृषणातल्या लायडिग पेशी एलएचच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉन बनवतात. पुरुषात महिन्याचा सर्ज नसतो त्यामुळे दिवसाचं बंधन नाही, पण टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं म्हणून रक्त सकाळी ७ ते १० मध्ये द्यावं, आणि टेस्टोस्टेरॉन कमी आलं तर दुसऱ्या दिवशी परत करून खात्री करतात. एलएच वर आणि टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर अडचण वृषणात, उदाहरणार्थ क्लाइनफेल्टर सिंड्रोम, ज्यात एक एक्स क्रोमोसोम जास्त असतो. दोन्ही कमी असतील तर अडचण वर मेंदूकडे, प्रोलॅक्टिन, पिट्युटरीची गाठ, किंवा जन्मापासूनचा कॅलमन सिंड्रोम, ज्यात वयात येणं रखडतं आणि वासही नीट येत नाही.

जिममधल्या मंडळींसाठी वेगळं सांगायला हवं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा स्टेरॉइड घेतलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, एलएच आणि एफएसएच बंद पडायला येतात, वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन घसरतं आणि शुक्राणू शून्यापर्यंत जाऊ शकतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन छान, अंगावर मसल छान, आणि वीर्य तपासणीत काहीच नाही. मूल हवं असताना "ताकदीसाठी" टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणं म्हणजे नेमकं उलटं औषध, आणि बंद केल्यावर भरून यायला कित्येक महिने लागू शकतात. असं काही घेत असाल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लाजून लपवलं तर सगळ्या टेस्ट भलत्या दिशेने जातात.

आणि बायकोच्या स्ट्रिपा महिनोन्महिने चालू असताना नवऱ्याची वीर्य तपासणी एकदाही झालेली नाही हे चित्र फार दिसतं. ती सोपी टेस्ट आहे, सुरुवातीलाच करून टाका.

लहान मुलांचं थोडक्यात, मुलीत ८ वर्षांच्या आधी आणि मुलात ९ च्या आधी वयात येण्याची लक्षणं दिसली तर बालरोगतज्ज्ञ एलएच बघतात. या वयात तो जवळपास नसल्यासारखाच असतो, म्हणून मोठ्यांची रेंज लावून अर्थ काढू नका, लागलं तर जीएनआरएचचं इंजेक्शन देऊन एलएच किती उसळतो ते मोजतात.

डॉक्टरांकडे कधी आणि काय घेऊन

वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून, ३५ किंवा पुढे असेल तर सहा महिन्यांनी, आणि चाळिशी गाठली असेल तर थांबायचंच नाही. पाळी दोन-तीन महिने येत नसेल, पाळीत असह्य दुखत असेल, बाळाला पाजत नसताना छातीतून दूध येत असेल, डोकेदुखीसोबत नजर कमी होत असेल, पूर्वी केमोथेरपी झाली असेल, नवऱ्याचं वृषणाचं ऑपरेशन झालं असेल, तर वय काहीही असो, आधी जा.

जाताना गेल्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा, स्ट्रिपचे तारखेसकट फोटो, झालेले सगळे रिपोर्ट आणि प्रत्येक रिपोर्टवर तो पाळीच्या कितव्या दिवशी घेतला ते पेनाने लिहून घेऊन जा, लॅबवाले फक्त कॅलेंडरची तारीख छापतात आणि पाळीचा दिवस काढायला डॉक्टरांना तुम्हालाच विचारावं लागतं, तेव्हा ऐनवेळी आठवत नाही. जोडीदारालाही सोबत न्या, अर्धे प्रश्न त्यालाच विचारले जाणार आहेत.